मार्केट यार्डातलं चहा-मिसळीचं हॉटेल, सांगली: मिसळ ठीकठाक, कोपऱ्यातलं टेबल एक नंबर

चार स्टार. एक स्टार मिसळीच्या तेलासाठी कापला, आणि चार दिले ते जास्त करून कोपऱ्यातल्या टेबलासाठी. हे नीट सांगायचं तर लांब लिहावं लागणार आहे, वेळ असेल तर वाचा.

हॉटेलचं नाव मुद्दाम टाकत नाहीये. मालक म्हणजे अण्णा, त्यांनीच सांगितलं की ताई लिहा काय लिहायचं ते पण नाव नको, नाव झालं की निवडणुकीच्या टायमाला कार्यकर्ते येऊन बसतात, मग आपलं रोजचं गिऱ्हाईक बिचकतंय. मला पटलं. वसंतदादा मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानांच्या ओळीला आहे, बाहेर निळा पत्रा, आत सहा टेबलं, यार्डात ज्यांचं येणंजाणं आहे त्यांना एवढ्यावरनं कळेल. मी तिथंच एका अडत दुकानात अकाउंट बघते, सौदे सुरू व्हायच्या आधीचा चहा-नाष्टा इथंच होतो.

आधी खाण्याचं सांगते. मिसळ ७० रुपये, सोबत ब्रेड, कट मागाल तेवढा. चव चांगली आहे, मसाला घरचा वाटतो, पण वर तेल एवढं की खाली मटकी आहे का नाही ते चमच्यानं शोधावं लागतं, आणि मटकी कधीकधी कच्ची राहते. "तेल कमी" असं आधीच सांगायचं, सांगितलं तर ऐकतात. उप्पीट मात्र झकास, मोकळं, गरम, वर ओलं खोबरं, लिंबाची फोड वेगळी, पण साडेनऊला संपतं म्हणजे संपतं. चहा १० रुपये, आलं ठेचून घालतात. भडंग पुडीत बांधून घरी न्यायला मिळतं, लसणाचं, कुरकुरीत, आमच्या घरी दोन दिवस पुरत नाही. फडकं एकच, सगळ्या टेबलांवरनं तेच फिरतं, त्याकडं लक्ष द्यायला पाहिजे. बायकांसाठी बाथरूमची सोय नाही, हे यार्डात सगळीकडंच आहे पण म्हणून चालवून घ्यायचं असं नाही.

आता टेबल. आत शिरल्यावर डाव्या हाताला कोपऱ्यात कडाप्पाचं मोठं टेबल आहे, तिथं सकाळी आठ ते दहा राजकारण चालतं. राजकारण काय कुठल्याही हॉटेलात चालतं, सांगली जिल्ह्यात तर पाण्यापेक्षा जास्त वाहतं, पण बाकी ठिकाणी काय होतं ते तुम्हाला माहीत आहे, एकानं एका नेत्याचं नाव घेतलं की दुसऱ्यानं दुसऱ्याचं घ्यायचं, मग "तुमच्या काळात काय झालं ते सांगा", मग आवाज, मग एकजण चहा अर्धा टाकून उठणार. इथं अण्णांनी एक पद्धत पाडलीय. वादाची बातमी निघाली की पेपर अण्णा स्वतःच्या हातात घेतात, नेत्याच्या आणि पक्षाच्या नावावर अंगठा ठेवतात, आणि नुसता मजकूर मोठ्यानं वाचतात. "हे बरोबर का चूक आधी सांगा, मग अंगठा काढतो." बास, एवढंच. पण या एवढ्याशा गोष्टीनं त्या टेबलावरचं बोलणं इतकं बदलतं की मी मुद्दाम कपबशी घेऊन तिथं जाऊन बसायला लागले.

अण्णा हॉटेल काढायच्या आधी हळदीच्या दुकानात कामाला होते. ते म्हणतात सौद्यात आपण हळकुंड मोडून गाभा बघतोय, रंग बघतोय, माल कुणाच्या रानातला ते पावतीवर येतंयच की नंतर. राजकारणात मात्र लोक आधी पावती बघतात आणि मग रंग सांगतात. मला हे फार पटलं.

एक उदाहरण देते, ते सगळ्यात जास्त लक्षात राहिलंय. अण्णांकडं जुन्या कात्रणांची एक फाइल आहे, गल्ल्याच्या खाली असते. त्यातलं एक काढून त्यांनी वाचलं, मजकूर असा होता की सत्तेत आलो तर बाजार समिती कायदा रद्द करू आणि शेतमालाचा व्यापार निर्बंधमुक्त करू. आता हे मार्केट यार्डात वाचायचं म्हणजे विचार करा. तिथं बसलेले निम्मे लोक त्याच बाजार समितीवर पोट भरणारे. एक अडते म्हणाले सत्यानाश होईल, समितीत निदान अडत्याचं लायसन असतंय, पैसे बुडाले तर शेतकरी कुणाच्या दारात जाणार. हमालांचा मुद्दा वेगळा, हमाली आणि तोलाईचे दर समितीत ठरतात, बाहेर व्यापार गेला तर आमच्यासाठी भांडणार कोण. कवठेमहांकाळकडचा एक शेतकरी होता त्यानं सरळ सांगितलं, मला बांधावर भाव मिळाला तर मी भाडं घालून इथं पोती कशाला आणू. दुसरा म्हणाला बांधावर एकच व्यापारी येतो, इथं निदान चारजण बोली लावतात. बघा, अर्धा तास झाला असेल, चौघांचे चार मुद्दे, आणि प्रत्येक मुद्दा त्याच्या स्वतःच्या अनुभवातनं आलेला, ऐकण्यासारखा. मी इतकी वर्षं यार्डात आहे पण बाजार समितीवर एवढी चांगली चर्चा मी कुठल्या सभेत ऐकली नव्हती.

मग अण्णांनी अंगठा काढला. काँग्रेसचा २०१९ च्या लोकसभेचा जाहीरनामा. झालं, जे अडते सत्यानाश म्हणाले होते त्यांच्या घरात आजोबांपासून काँग्रेस, ते लगेच म्हणाले की नाही नाही, त्यांचा अर्थ तसा नव्हता, ते आधी पर्यायी बाजार उभे करणार होते. आणि पलीकडच्या बाजूला एक भाजपवाले आहेत, तेही पाच मिनिटांपूर्वी समिती टिकली पाहिजे म्हणत होते, ते एकदम खूश, "बघा, तुम्हीच मोडायला निघाला होता." अण्णांनी त्यांनाही सोडलं नाही, दुसरं कात्रण काढलं, २०२० चे तीन कृषी कायदे, बाजार समितीच्या आवाराबाहेरचा व्यापार मोकळा करणारा कायदा त्यातलाच, आणि तो आणला केंद्रातल्या भाजप सरकारनं. लगेच तेही म्हणाले की त्यात समिती मोडायचं कुठं होतं, शेतकऱ्याला फक्त पर्याय दिला होता. मग तिसरं कात्रण, १९ नोव्हेंबर २०२१, कायदे मागं घेण्याची घोषणा. त्यावरही ते म्हणाले योग्यच केलं, देशहित बघितलं. म्हणजे आणले तेही बरोबर, मागं घेतले तेही बरोबर. आणि काँग्रेसवाल्यांचं बघा, २०१९ ला आश्वासन दिलं तेही बरोबर, २०२० ला तसलाच कायदा आल्यावर रस्त्यावर उतरले तेही बरोबर.

माझं म्हणणं असं नाही की दोघांची स्पष्टीकरणं खोटी होती. काँग्रेसच्या त्या जाहीरनाम्यात मोठ्या गावांत शेतकऱ्यांचे बाजार उभारू असंही होतं, ते खरं आहे. भाजपच्या कायद्यात समित्या बंद करा असं लिहिलेलं नव्हतं, हेही खरं आहे. पण ती स्पष्टीकरणं कधी आठवली ते महत्त्वाचं. अंगठा होता तोवर कुणालाच आठवली नाहीत. नाव दिसल्यावर आठवली. आधी बाजू ठरली, मग बाजूला शोभतील असे मुद्दे गोळा झाले, आणि ज्याचं त्याला मनापासून वाटत होतं की मी मुद्द्यावरच बोलतोय.

टेबलावर एक रिटायर्ड सर असतात, कॉलेजात मानसशास्त्र शिकवायचे. त्यांनी तेव्हा सांगितलं की अगदी असाच प्रयोग अमेरिकेत झालेला आहे, जेफ्री कोहेन नावाच्या संशोधकाचा, २००३ साली छापून आला. गरिबांना सरकारी मदत देण्याच्या योजना कॉलेजच्या मुलांना वाचायला दिल्या, एक भरघोस मदतीची, एक कडक आणि तुटपुंजी. नुसतं वाचून विचारलं तर उदारमतवादी मुलांना भरघोस आवडायची, दुसऱ्यांना कडक, म्हणजे अपेक्षेसारखं. पण ही योजना तुमच्या पक्षानं उचलून धरलीय असं सांगितलं की मुलं पक्षामागं गेली, आत काय लिहिलंय त्याला फारशी किंमत राहिली नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मुलांना विचारल्यावर ती म्हणाली पक्षाचा आमच्यावर परिणाम नाही, आम्ही मजकूर वाचून ठरवलं, बाकीच्यांवर होत असेल. सर हे सांगताना अण्णा उप्पीट वाढत होते, त्यांना त्यात नवल वाटलं नाही, म्हणाले इथं रोज तेच चाललंय की.

कुस्तीच्या वेळी तर फारच रंगलं होतं. फेब्रुवारी २०२५ ला अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरी झाली, त्यात शिवराज राक्षे आणि पृथ्वीराज मोहोळच्या कुस्तीत राक्षे चितपट झाला असा पंचांनी निकाल दिला आणि राक्षेनं पंचाला लाथ मारली, पुढं तीन वर्षांची बंदी आली, हे सगळ्यांना माहीत आहे. त्याचा व्हिडिओ टेबलावर फिरत होता. एकच व्हिडिओ, तोच मोबाइल. एकजण शपथेवर सांगतोय की दोन्ही खांदे टेकलेच नाहीत, दुसरा म्हणतोय टेकले, डोळे आहेत का नाहीत. एक वस्ताद येतात चहाला, त्यांनी फक्त विचारलं, तुमच्या ओळखीचा पोरगा कुठल्या तालमीत आहे, आणि उत्तरं ऐकून म्हणाले, "आता कळलं खांदा कुणाला दिसतोय आणि कुणाला न्हाय." तेव्हा सरांनी आणखी एक जुनी गोष्ट सांगितली. १९५१ ला अमेरिकेत डार्टमथ आणि प्रिन्स्टन या दोन विद्यापीठांची फुटबॉल मॅच झाली, आपला फुटबॉल नाही, त्यांचा तो अंगावर जायचा, भयंकर दांडगाई झाली, एकाचं नाक मोडलं, एकाचा पाय मोडला. पुढं दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना त्या मॅचची एकच फिल्म दाखवून नियमभंग मोजायला सांगितले, तर डार्टमथच्या खेळाडूंचे जितके नियमभंग त्यांच्याच मुलांना दिसले, त्याच्या दुपटीहून जास्त प्रिन्स्टनच्या मुलांना दिसले. हॅस्टॉर्फ आणि कँट्रिल या दोघांनी १९५४ ला ते छापलं. मुलं खोटं बोलत नव्हती, त्यांना खरंच तसंच दिसत होतं, यावर सरांनी जोर दिला. मला वाटतं समोरच्याला "खोटारडा" म्हणायच्या आधी हे आपण सगळ्यांनीच लक्षात ठेवायला पाहिजे, कारण खोटारडा म्हटलं की बोलणं तिथंच संपतं.

मी स्वतः टेबलावर पहिल्यांदा बोलले ते लाडकी बहीणवर. ही योजना जून २०२४ च्या अर्थसंकल्पात आली, महिन्याला १५०० रुपये. पुरुषमंडळींचं जोरात चालू होतं, तिजोरी रिकामी होणार, नाही होणार, मतं विकत घेतली, नाही बहिणींचा सन्मान केला. मी म्हटलं की आमच्याकडं बेदाणा निवडायला बायका येतात त्यांना पैसे मिळतात, त्या पैशाचं त्या काय करतात ते तरी कुणी विचारलंय का, कुणी पोरीच्या एसटीच्या पासाला घालतं, कुणी बचत गटाचा हप्ता भरतं, कुणाचा नवरा काढून घेतो, आणि कुणाला कागदपत्रं नीट नाहीत म्हणून मिळतच नाहीत. योजना चांगली का वाईट ते यावरनं ठरवाल का नाही. तर पहिला प्रश्न काय आला माहीत आहे? "ताई, तुम्ही कुणाकडच्या?" मुद्द्यावर नंतर, आधी बाजू सांगा. म्हणजे मी महायुतीची निघाले तर नवरा पैसे काढून घेतो हा मुद्दा यांनी ऐकायचा नाही, आणि आघाडीची निघाले तर एसटीच्या पासाचा मुद्दा त्यांनी ऐकायचा नाही. अण्णा तिकडनं ओरडले, "ताई कुणाकडच्या ते मी विचारत न्हाय चहाचे पैसे घेताना, तुम्ही मुद्द्याला उत्तर द्या."

मग त्यांनी फाइल काढली आणि अंगठ्याचा खेळ परत. फुकट वाटप देशाला घातक आहे, असं एक भाषण वाचलं. टेबलावर सगळ्यांना वाटलं हे लाडकी बहीणच्या विरोधातल्या माणसाचं. निघालं भाजपच्या बाजूचं, २०२२ च्या सुमाराचं, तेव्हा रेवडीवरनं गाजत होतं. मग एक आश्वासन वाचलं, बायकांच्या खात्यात महिना ३०००. सगळ्यांना वाटलं सत्ताधारी, तर ते महाविकास आघाडीचं, २०२४ च्या विधानसभेचं, जे काही महिने आधी तिजोरीचा हिशेब मागत होते त्यांचंच, आणि महायुतीनं त्याच निवडणुकीत १५०० चे २१०० करतो म्हटलं होतं. शिवाय आपल्याकडनं कर्नाटक किती लांब आहे, मिरजेच्या पुढं तासाभरात, तिथं काँग्रेस सरकारची गृहलक्ष्मी २०२३ पासून आहे, महिना २०००. तिथं भाजप म्हणतं राज्य बुडालं, इथं विरोधक म्हणतात राज्य बुडालं. मग बुडतंय का नाही हे खरंच तपासायचं असेल तर बाजू सोडून दोन्ही राज्यांचं कर्ज, व्याज, महसुली तूट बघायला पाहिजे, आणि बायकांच्या हातात पैसे आल्यावर काय बदललं ते बघायला पाहिजे. मी अकाउंट बघते म्हणून सांगते, खात्यावर खर्च टाकताना तो कुणी केला याच्यावर रक्कम बदलत नाही.

एक वकीलसाहेब येतात कधीकधी, फार हुशार, आकडे तोंडपाठ. मला आधी वाटायचं अशा शिकलेल्या माणसावर तरी बाजूचा परिणाम कमी होत असेल. उलटं आहे. हमालांपैकी एखादा चटकन म्हणून जातो की हां, आमच्यावाल्यांनी इथं चूक केली, वकीलसाहेबांना प्रत्येक चुकीसाठी एक पळवाट सापडते. सर म्हणाले यावरही प्रयोग आहे, डॅन काहान यांचा, २०१३ चा. एकच आकड्यांचा तक्ता, पण काहींना सांगितलं हा त्वचेच्या मलमाचा आहे आणि काहींना सांगितलं बंदूकबंदीचा. मलम म्हटल्यावर गणितात हुशार लोकांनी बरोबर उत्तर काढलं. बंदूक म्हटल्यावर तेच हुशार लोक आपापल्या बाजूला सोयीचं उत्तर आलं की थांबले, गैरसोयीचं आलं तरच पुन्हा नीट हिशेब केला, आणि दोन बाजूंमधलं अंतर हुशार लोकांतच जास्त निघालं. म्हणून मला वाटतं नुसतं शिका, पेपर वाचा, आकडे पाठ करा असं सांगून हे सुटणारं नाही.

इथं एक गोष्ट मला तळमळीनं लिहावीशी वाटते. पुण्या-मुंबईकडचे लोक आपल्याकडच्या गटातटाला हसतात, त्यांना वाटतं ही खेड्यातली भक्ती. तसं नाही. सांगलीत गट म्हणजे पोटाचा प्रश्न होता आणि आहे. ऊस कुठल्या कारखान्याला जाणार, तोड वेळेवर मिळणार का, सोसायटीचं कर्ज, पोरग्याची संस्थेतली नोकरी, दूध संघ, पाण्याची पाळी, हे सगळं कुणाकडचे आहात त्याच्यावर. वसंतदादा पाटील आणि राजारामबापू पाटील हे जिल्ह्यातले दोन मोठे नेते, दोघंही मूळ काँग्रेसचे, तरी दादा गट आणि बापू गट असा वाद पिढ्यान्‌पिढ्या चालला. वारणेवरचं धरण खुजगावला व्हावं का चांदोलीला यावरनं किती भांडणं झाली, शेवटी चांदोलीला झालं. टेबलावरच्या म्हाताऱ्या माणसांना आजही विचारा की कुठं झालेलं बरं होतं, ते बुडीत गावं, उंची, पाणीसाठा सगळं सांगतील, पण उत्तर काय येणार ते माणूस कुठल्या गटातला यावरनं आधीच कळतं. म्हणून मी अशा माणसाला मूर्ख म्हणत नाही. स्वतःच्या गटाची चूक चारचौघांत मान्य केली तर त्याला खरंच काहीतरी गमवावं लागू शकतं, ऊस उभा राहू शकतो. ज्याचं काही जात नाही त्यानं त्याला प्रामाणिकपणा शिकवू नये. पण हॉटेलात, चहाच्या कपावर, जिथं काही जात नाही तिथं तरी खरं बोलायची सवय पाहिजे, आणि ती जागा अण्णांनी करून दिलीय.

बंडखोरीवर एकदा असंच झालं, थोडक्यात सांगते. २०२४ च्या लोकसभेला आघाडीत सांगलीची जागा शिवसेना ठाकरे गटाला गेली, चंद्रहार पाटलांना तिकीट, आणि विशाल पाटील अपक्ष उभे राहून साधारण एक लाखानं निवडून आले, मग काँग्रेसला पाठिंबा दिला. जे लोक २०२२ पासून शिवसेना फोडणाऱ्यांना गद्दार म्हणत होते त्यातलेच कितीतरी इथं म्हणाले की हा तर जनतेचा कौल. आणि जे २०२२ ला उठाव म्हणून टाळ्या वाजवत होते ते विचारायला लागले, आघाडीचा धर्म कुठं गेला. अण्णांनी एवढंच विचारलं की पक्षाचा आदेश मोडणं कधी चालतं आणि कधी नाही याचा एक नियम सांगा, जो दोन्हीकडं लागू होईल. मतदारांकडं परत गेला का, पद सोडलं का, आधी जाहीर सांगितलं का, असे दोन-तीन बरे निकष निघाले. ते सगळ्यांना सोयीचे नव्हते म्हणूनच ते बरे होते.

पुराच्या बाबतीत मात्र अंगठा चालत नाही. २०१९ ला कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, धोक्याची पातळी ४५. गावभागात, मारुती चौकात ज्यांच्या घरात पाणी होतं ते इथं येतात. त्यांना सगळं आठवतं, तारखेसकट. तरीसुद्धा दोष कुणाचा म्हटलं की त्या वर्षी मुंबईत आणि बेंगळुरात कुणाचं सरकार होतं ते आधी येतं, आणि २०२१ च्या पुरात सरकार बदललेलं म्हणून तेच लोक उलट्या बाजूनं बोलतात. कर्नाटकातल्या अलमट्टी धरणामुळं पूर येतो का, यावर वडनेरे समितीनं २०२० ला अहवाल दिला, त्यात अलमट्टीवर ठपका नाही, आणि कृष्णाकाठच्या कितीतरी जाणकारांना तो मान्य नाही. हा खरा वाद आहे, तो पाऊस किती पडला, कोयनेतनं किती सोडलं, अलमट्टीत त्या तारखेला किती साठा होता, पूररेषेत किती बांधकाम झालं यावर व्हायला पाहिजे. तसा तो या टेबलावर होतो कधीकधी, पण लोक रडवेले होतात, आणि तेव्हा अण्णा फाइल काढत नाहीत, नुसता चहा देतात. मला ते योग्य वाटतं.

आता तक्रारी. पहिली, सगळं अण्णांवर आहे. गुरुवारी ते नसतात, मुलगा बसतो, तो फाइलला हात लावत नाही आणि टेबल इतर कुठल्याही हॉटेलासारखं होतं, नुसता आरडाओरडा. मुलानं शिकून घ्यायला पाहिजे. दुसरी, कात्रणं अण्णाच निवडतात, म्हणजे त्यांचाही कल त्यात येऊ शकतो. सरांनी मध्ये सुचवलं की एका बाजूचं एक काढलं की दुसऱ्या बाजूचं एक काढायचंच, आणि ज्याला वाटेल त्यानं घरनं कात्रण आणावं, तेव्हापासनं जरा बरं आहे. तिसरी, मोबाइल. पेपरात नाव झाकता येतं, रील्समध्ये आधी चेहरा आणि झेंडा येतो, मागं गाणं, शब्द सगळ्यात शेवटी. तरणी पोरं तेच दाखवत येतात आणि अण्णांना त्याच्यावर उपाय सापडलेला नाही. मी एकदा एका पोराला म्हटलं, यात तो काय म्हणाला ते तुझ्या शब्दांत कागदावर लिही, नाव न घालता. त्यानं लिहिलं, दोन ओळी झाल्या, आणि त्या दोन ओळींवर बरी चर्चा झाली. करून बघण्यासारखं आहे.

चौथी आणि मोठी तक्रार म्हणजे त्या टेबलावर बायका नाहीत. मी आणि कधीमधी बँकेतल्या एक मॅडम. बाकी यार्डात एवढ्या बायका राबतात त्या बाहेर पत्र्याखाली चहा पितात. लाडकी बहीणवर बोलायचा पहिला हक्क त्यांचा. अण्णांना मी सांगितलंय, ते बघू म्हणालेत, मी परत सांगणार आहे.

कुणी जावं? सौद्याला आलेल्या शेतकऱ्यानं नक्की. कॉलेजच्या पोरापोरींनी तर जावंच, वक्तृत्व स्पर्धेत जे शिकायला मिळत नाही ते इथं १० रुपयाच्या चहात मिळतं. सहकुटुंब निवांत बसायचं असेल तर ही जागा नाही, दुसरीकडं जा.

वेळ सकाळी सात ते दुपारी दोन. ऑनलाइन पेमेंट चालतं. उप्पीट पाहिजे तर नऊच्या आत पोचा, मिसळीला तेल कमी सांगा. टेबलावर जागा नसेल तर भिंतीकडच्या बाकावर बसा, तिथनंही ऐकू येतं आणि मध्ये बोललेलं चालतं. गाडी शेडच्या तोंडाला लावू नका, ट्रक मागं घेताना ड्रायव्हरला दिसत नाही.